पुस्तक आधी हातातून सुटतं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वाचनालयाच्या देवघेव विभागात काढली. सभासदाला हवं ते पुस्तक मिळालं पाहिजे, एवढा एकच धर्म त्यांनी पाळला. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय पुस्तकांचाच हवा. पुस्तकांचा गौरव तर आपण नेहमीच करतो. आज मला बोलायचं आहे ते पुस्तकं नाहीशी कशी होतात आणि नाहीशी होता होता तगतात कोणामुळे, याविषयी.

विसाव्या शतकातल्या काही कादंबरीकारांनी हा प्रश्न भविष्यकाळात नेऊन उभा केला. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१मध्ये अशा एका राज्याची कादंबरी लिहिली, जिथे माणसं काचेच्या घरांत राहतात आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक असतात. ती १९२४ साली इंग्रजी भाषांतरात न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. लेखकाच्या मायदेशात ती छापली जायला १९८८ साल उजाडलं. तोवर झाम्यातिन यांना परदेशी पॅरिसमध्ये मरण येऊन अर्धशतक उलटलं होतं. १९३२मध्ये ऑल्डस हक्सली यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आली. तिच्यातल्या कामगार वर्गाच्या तान्ह्या मुलांपुढे चित्रांची पुस्तकं आणि फुलं ठेवतात, ती रांगत जवळ आली की त्यांना विजेचे झटके देतात. पुस्तकाची किळस अशी जन्माबरोबर रुजवली की पुढे कायदा करायची गरजच उरत नाही. १९४९मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' आली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी नोकर आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर आजच्या सरकारला सोयीचा होईल असा बदलायचा आणि मूळ प्रत भट्टीत टाकायची, हे त्याचं रोजचं काम.

आणि १९५३मध्ये आली रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१'. आज मी प्रामुख्यानं याच कादंबरीविषयी बोलणार आहे, कारण सेन्सॉरशिपचा गुन्हा एकट्या सरकारच्या माथी मारून ती मोकळी होत नाही. ती आपल्याकडे, वाचकांकडे बघते. तिच्यातून मी जे शिकलो ते आधीच सांगून टाकतो. जाळपोळ आणि बंदी हा या नाटकाचा शेवटचा अंक असतो. पुस्तक सत्तेच्या हाती लागतं, त्याच्या कितीतरी आधी ते वाचकाच्या हातातून सुटलेलं असतं. वाचकानं ते जिथे सोडलं नाही, तिथे भल्याभल्या सत्ता हरल्या आहेत.

ब्रॅडबरी यांचा जन्म १९२० साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वॉकीगन या गावी झाला. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. १९३८मध्ये शाळा संपली तेव्हा कॉलेजच्या शिक्षणाला पैसे नव्हते. हा मुलगा रस्त्यावर वर्तमानपत्रं विकायचा आणि आठवड्यातून अनेकदा सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा. आपलं शिक्षण वाचनालयात झालं, असं ते अखेरपर्यंत अभिमानानं सांगत. या कादंबरीचा पहिला खर्डाही ग्रंथालयातच झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या ग्रंथालयाच्या तळघरात नाणं टाकून चालणारे टाइपरायटर होते. दहा सेंटमध्ये अर्धा तास. घरात लहान मुलं असल्यामुळे निवांतपणा मिळेना, म्हणून ब्रॅडबरी तिथे बसले आणि नऊ दिवसांत, नऊ डॉलर ऐंशी सेंट खर्चून त्यांनी तो खर्डा पुरा केला. फेब्रुवारी १९५१मध्ये तो 'गॅलक्सी' मासिकात 'द फायरमन' या नावानं आला. पुढे तो वाढवून ऑक्टोबर १९५३मध्ये कादंबरी निघाली. कागद पेट घेतो ते तापमान म्हणून लेखकानं ४५१ हा आकडा निवडला. आपल्या सेल्सिअसच्या हिशेबात ते साधारण २३३ अंश होतं.

पुस्तकं जाळणं ही तेव्हा कल्पनेतली गोष्ट नव्हती. १० मे १९३३ रोजी, नाझी राजवटीत, बर्लिनच्या ऑपेरा चौकात सुमारे वीस हजार पुस्तकं जाळली गेली, त्याला अवघी वीस वर्षं झाली होती. एरिख केस्टनर हा लेखक त्या गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तकं जळताना पाहत होता. पुस्तकं आणून टाकण्यात पुढाकार कोणाचा होता? विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा. त्यांच्या बाजूला प्राध्यापकही उभे होते. ती अडाण्यांची झुंड नव्हती, हे आपण लक्षात ठेवू या; मला पुढे त्याकडे यायचं आहे.

खुद्द अमेरिकेत १९५३ साल हे सिनेटर मॅकार्थी यांच्या दहशतीचं होतं. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखकांची चौकशी होत होती. परदेशांतल्या अमेरिकन सरकारी वाचनालयांतून 'संशयित' लेखकांची पुस्तकं काढून टाकली जात होती. पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका, असं त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात जाहीरपणे सांगावं लागलं. ब्रॅडबरींची कादंबरी त्यानंतर चार महिन्यांनी आली.

आता कादंबरीत शिरू. गाय मॉन्टॅग हा बंबवाला आहे. कादंबरीतल्या काळातली घरं आगीपासून पूर्ण सुरक्षित आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना नवं काम मिळालं आहे. ज्या घरात पुस्तकं सापडतील ते घर पुस्तकांसकट पेटवून द्यायचं. मॉन्टॅग दहा वर्षं हे काम आनंदानं करतो आहे. त्याची बायको मिल्ड्रेड दिवसभर बैठकीच्या खोलीत बसते. त्या खोलीच्या तीन भिंती म्हणजे तीन पडदे आहेत. त्यांवर बोलणाऱ्या माणसांना ती आपलं कुटुंब मानते. चौथी भिंतही बसवून घ्यावी, असा तिचा हट्ट आहे, आणि तिची किंमत मॉन्टॅगच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा आहे. रात्री झोपताना तिच्या कानांत शिंपल्यासारखे इवलेसे रेडिओ असतात. हे १९५३ साली लिहिलेलं आहे.

एका रात्री मिल्ड्रेड झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली संपवते. डॉक्टर येत नाही. यंत्र घेऊन दोन कारागीर येतात, तिचं पोट आणि रक्त धुऊन काढतात आणि लगेच पुढच्या घरी जातात. अशा केसेस त्यांच्याकडे रोज रात्री नऊ-दहा असतात. सकाळी मिल्ड्रेडला काहीच आठवत नाही. ब्रॅडबरींनी वाचनाचं मोल कुठे दाखवलं असेल तर मला ते इथे दिसतं. या बाईला आपण दुःखी आहोत हेच कळत नाही. दुःखाला शब्द द्यायला लागतात ते तिच्यापाशी उरलेले नाहीत. पुढे एका प्रसंगी मॉन्टॅग तिच्या मैत्रिणींना मॅथ्यू आर्नल्ड यांची एक कविता वाचून दाखवतो, तेव्हा त्यांतली एक हुंदके देऊन रडू लागते. आपण का रडतो आहोत हे तिलाही सांगता येत नाही. दुसरी त्या कवितेवरच चिडते.

हे सगळं झालं कसं? ते मॉन्टॅगला समजावून सांगतो त्याचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी. त्याचं ते लांबलचक भाषण हा या कादंबरीचा गाभा आहे. तो सांगतो की सुरुवातीला सरकारनं कोणताही हुकूम काढला नव्हता. लोकांना वेग हवा होता. मोठमोठे ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले गेले, मग दोन मिनिटांत वाचून होईल अशा स्तंभात, आणि शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. दुसरीकडे ज्याला त्याला कशाचा तरी राग येऊ लागला. या गटाला ती ओळ खुपली, त्या गटाला हे पान. प्रकाशकांनी खुपणारं सगळं काढलं, आणि उरलं त्याला चव राहिली नाही. लोकांनी आपण होऊन पुस्तकं खाली ठेवली. बंबवाले आले ते सगळ्यात शेवटी.

बंबवाल्यांच्या नियमपुस्तकात त्यांच्या खात्याचा इतिहास छापलेला आहे. इंग्रजी वळणाची पुस्तकं जाळण्यासाठी १७९०मध्ये हे खातं स्थापन झालं आणि पहिला बंबवाला होता बेंजामिन फ्रँकलिन, असं त्यात लिहिलं आहे. आता खरे फ्रँकलिन कोण होते? १७३१ साली फिलाडेल्फियात सभासदांच्या वर्गणीवर चालणारं वाचनालय काढणारे, आणि १७३६ साली त्याच शहरात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक उभारणारे. ज्या माणसानं वाचनालयही काढलं आणि बंबही आणला, त्यालाच या पुस्तकात पहिला ग्रंथदाहक ठरवलं आहे. मॉन्टॅगच्या शहरात हे खोटं सहज खपतं, कारण ताडून पाहायला दुसरं पुस्तक शिल्लक नाही. एकच पुस्तक उरलं की ते काहीही सांगू शकतं. वाचनालयात एकाच विषयावरची चार परस्परविरोधी पुस्तकं शेजारी शेजारी का ठेवायची, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता या कादंबरीवरच काय प्रसंग गुदरला तो ऐका. १९६७मध्ये तिच्या प्रकाशकांनी, बॅलन्टाइन बुक्स यांनी, शाळांसाठी एक आवृत्ती काढली. मुलांच्या कानांवर वाईट शब्द पडू नयेत म्हणून सुमारे पंचाहत्तर जागी मजकूर बदलला. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. दारू प्यायलेला माणूस आजारी झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान आले. लेखकाला विचारलं नाही आणि वाचकाला सांगितलं नाही. पुढे १९७३पासून सहा वर्षं बाजारात ही कापलेली आवृत्तीच तेवढी छापली जात होती. सेन्सॉरशिपविरुद्धची कादंबरी सेन्सॉर होऊन विकली जात होती, आणि त्यामागे ना कोणतं सरकार होतं, ना कोणती बंदी. कोणाचं मन दुखावू नये अशी सदिच्छा तेवढी होती. कॅप्टन बीटीनं वर्णन केलं होतं तसंच सगळं घडलं.

हे उघडकीला आणलं कोणी? विद्यार्थ्यांनी. लक्षपूर्वक वाचणाऱ्या काही मुलांच्या ध्यानात फरक आला आणि त्यांनी लेखकाला पत्रं लिहिली. १९७९मध्ये ब्रॅडबरींना हे कळलं, त्यांनी प्रकाशकांना मूळ मजकूर परत घालायला लावला आणि पुढच्या आवृत्त्यांना एक संतप्त उपसंहार जोडला. कादंबरी वाचली ती वाचकांमुळे. तेव्हा छापील प्रती घराघरांत, कपाटांत होत्या, म्हणून ताडून पाहणं शक्य झालं. छापील नसलेल्या प्रतींचं काय होऊ शकतं ते पाहा. जुलै २००९मध्ये अॅमेझॉन कंपनीनं हक्कांच्या वादावरून ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती लोकांच्या किंडल या ई-पुस्तक यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या होत्या. कंपनीनं नंतर माफी मागितली. पण पैसे देऊन घेतलेलं पुस्तक दुरून एका आज्ञेनं नाहीसं करता येतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. म्हणून कागदावरचं पुस्तक आणि ते सांभाळणारं गावातलं वाचनालय यांना मी जुनाट मानायला तयार नाही.

इथवर आपण वाचकाची बाजू ऐकली. पण वाचलं की झालं, असं मानणाऱ्यांना ब्रॅडबरी अडवतात. या कादंबरीत सगळ्यात जास्त वाचलेला माणूस कोण आहे? पुस्तकं जाळणारा कॅप्टन बीटी! त्याला शेक्सपिअर पाठ आहे, इतर कितीतरी लेखक मुखोद्गत आहेत. त्यांचीच वाक्यं तो मॉन्टॅगच्या अंगावर फेकतो, एका ग्रंथानं दुसऱ्याला खोटं पाडतो आणि मग सगळ्यांनाच आगीत टाकतो. बर्लिनच्या चौकातले विद्यार्थी आणि प्राध्यापक यांचा मी उल्लेख केला तो यासाठी. पुष्कळ वाचूनही माणूस जाळणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो.

मग वाचन कोणतं? याचं उत्तर कादंबरीतला म्हातारा प्राध्यापक फेबर देतो. तो मॉन्टॅगला सांगतो की आपल्याला तीन गोष्टी हव्या आहेत. एक, ज्यात जीवनाचा पोत उतरला आहे, जे माणसाचा चेहरा त्याच्या खाचखळग्यांसकट दाखवतं, असं लेखन. दोन, ते पचवायला निवांतपणा. नोकरीतून मिळणारी सुट्टी वेगळी आणि विचाराला लागणारी सवड वेगळी. आणि तीन, या दोन्हींतून जे उमगलं त्याप्रमाणे वागण्याचा हक्क.

बीटीजवळ पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी त्यानं सोडून दिली होती. आपल्यापैकी अनेकांचं वाचनही तिथेच अडतं, म्हणून या तिसऱ्या गोष्टीचं एक उदाहरण आपल्याच भाषेतून देतो. डिसेंबर १९७५. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता. कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. आयुष्य ग्रंथालयांत घालवलेली ही विदुषी. त्यांनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी असलेले विरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. लोकसाहित्य, बौद्ध साहित्य, अमेरिकन लेखक थोरो यांच्यावर त्यांनी आयुष्यभर जो अभ्यास केला होता, त्यानं ऐन वेळी त्यांना ताठ उभं केलं, असं मी समजतो. फेबरची तिसरी गोष्ट ती हीच.

कादंबरीच्या अखेरीस मॉन्टॅग शहरातून पळतो आणि नदीपलीकडे त्याला काही माणसं भेटतात. प्रत्येकानं एकेक ग्रंथ किंवा त्याचा भाग पाठ केलेला आहे. मॉन्टॅगच्या वाट्याला बायबलमधला उपदेशकाचा ग्रंथ येतो. पुन्हा छापता येईल तोवर ही माणसं पुस्तकं डोक्यात घेऊन हिंडणार आहेत.

अनेकांना हा शेवट स्वप्नाळू वाटतो. पण तो प्रत्यक्षात घडलेला आहे. स्टालिनच्या रशियात कवी ओसिप मंडेलश्ताम यांना १९३४मध्ये अटक झाली. स्टालिनवरची एक कविता त्यांनी काही मोजक्या लोकांना म्हणून दाखवली होती, तेवढं कारण पुरलं. १९३८च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत ते वारले. त्यांची पत्नी नादेझ्दा पुढची वर्षं गावोगाव फिरत, शाळा-कॉलेजांत शिकवत जगली. नवऱ्याच्या कविता कागदावर ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून तिनं त्या पाठ केल्या आणि वर्षानुवर्षं मनात घोळवत ठेवल्या. मंडेलश्ताम दांपत्याच्या मैत्रीण, कवयित्री आन्ना अख्मातोवा यांचा मुलगा तुरुंगात होता. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांचं दुःख त्यांनी 'रेक्विएम' या दीर्घकवितेत मांडलं. त्या ओळी अख्मातोवा चिठोऱ्यावर लिहीत, समोर बसलेल्या मैत्रिणीच्या, लीडिया चुकोव्स्काया यांच्या, हाती देत, त्यांची पाठ झाली की चिठोरं रक्षापात्रात जाळत. इथे कागद जाळला तो कविता जगवण्यासाठी. 'रेक्विएम' १९६३मध्ये म्युनिकला छापली गेली आणि १९८७मध्ये तिच्या स्वतःच्या देशात. त्याआधी कितीतरी वर्षं ती काही माणसांच्या स्मरणात होती, आणि तेवढ्यानं एक महासत्ता हरली.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्याची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वह्या तरल्या की नाही, यावर वाद होत राहतील. अभंग मात्र हजारो लोकांच्या कंठात होते, याविषयी वाद नाही. ब्रॅडबरींच्या कथेत ग्रंथ जपणारे अल्पसंख्य आहेत आणि ते शहराबाहेर लपले आहेत. वारकऱ्यांनी ते काम उघड्यावर, रस्त्यानं चालता चालता केलं. पाठ असणाऱ्यांची संख्या एवढी मोठी झाली की बुडवायचं कोणाला, हा प्रश्न सत्तेलाच पडावा.

श्रोतेहो, सेन्सॉरशिपविरुद्ध कायदा हवा, न्यायालय हवं, निर्भीड प्रकाशक हवेत. त्यांच्यासाठी लढलंच पाहिजे. मी त्यांचं महत्त्व तसूभरही कमी करत नाही. पण वाचकच नसलेल्या पुस्तकाला कोणतंही न्यायालय जिवंत ठेवू शकत नाही. ज्या पुस्तकावर बंदी आली ते आपण वाचलेलंच नसेल, तर त्याच्यासाठी आपण भांडणार तरी कशाच्या जोरावर?

म्हणून आपल्यापाशी माझं काही मागणं आहे. अमुक पुस्तकावर बंदी घाला, अशी मागणी कानावर आली, मग ती आपल्या बाजूच्या लोकांनी का केलेली असेना, तर आधी ते पुस्तक मिळवा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. सारांश वाचून मत बनवू नका. आपल्या मुलांना संक्षिप्त आवृत्ती दिली असेल तर मोठेपणी मूळ आवृत्ती हाती द्या, आणि काय गाळलं होतं ते त्यांनाच शोधायला सांगा. घरात आठवड्यातून एक वेळ अशी ठेवा की जेव्हा एकजण मोठ्यानं वाचेल आणि बाकीचे ऐकतील. एखादी कविता, एखादा उतारा पाठ करा. आणि या वाचनालयाचे नुसते वर्गणीदार राहू नका. इथे या, पुस्तकं मागा. जे कपाटात नाही ते मागा, जे आपल्याला पटत नाही तेही मागा. मागणी नोंदवलेली असली की ग्रंथपालाला पुस्तक आणता येतं. मागणारंच कोणी नसलं तर तो बिचारा काय करणार?

पुस्तक जाळायला येणाऱ्याला थांबवणं प्रत्येक वेळी आपल्या हाती असेलच असं नाही. पण ते आपल्या हातातून सुटू न देणं पूर्णपणे आपल्या हाती आहे. तेवढं आपण करू या.